सात सीड्यांचं वाण

भाग्यश्रीच्या घरात कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय सईच्या हाती जात नसे. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख, खेळण्याचा रंग ओल्या फडक्याला लागतो का, बाटलीच्या बुचाला वास येतो का, सगळं ती आधी स्वतः बघायची. सासूबाई, म्हणजे वत्सलाबाई, मखमलाबादच्या मळ्यातून भाजी घेऊन आल्या तरी ती मिठाच्या पाण्यात ठेवल्याशिवाय चिरायची नाही.

"अगं, आपल्याच मळ्यातली हाय," वत्सलाबाई म्हणायच्या.

"म्हणूनच. फवारा कधी मारला ते ठाऊक आहे मला."

यावर वत्सलाबाई हसायच्या. सून शिकलेली होती, घाबरट होती, पण चुकीची नव्हती, हे त्यांना पटलेलं होतं.

अशा या बाईनं चोरीची वस्तू सात घरांत स्वतःच्या हातानं दिली, आणि तीही हळदीकुंकू लावून.

झालं असं. भाग्यश्री कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी झालेली. कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात तिनं तीन वर्षं वेबसाइट बनवण्याचं काम केलं होतं. सई झाली आणि नोकरी सुटली. नवरा ज्ञानेश सातपूरला कंपनीत. तो सकाळी गेला की घरात ती आणि सई. हात शिवशिवायचे. नाशिकच्या काठे गल्लीतल्या त्यांच्या कॉलनीत सात बायका घरून काही ना काही करत होत्या. यशोदाबाईंचे मसाले होते, एकीचं पार्लर, एकीच्या शिकवण्या, आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर मनीषाचं पाळणाघर. २००९ची संक्रांत जवळ आली तसं भाग्यश्रीच्या डोक्यात आलं, दरवर्षी आपण गाळण्या नाहीतर प्लॅस्टिकच्या डब्या लुटतो. यंदा वाण म्हणून वेबसाइट दिली तर?

जुन्या ऑफिसातला राज तिच्या मदतीला आला. वेबसाइटची थीम, म्हणजे तयार साचा, त्याच्याकडे होता. रंग, अक्षरं, फोटोंची मांडणी सगळं आयतं. आपण फक्त मजकूर भरायचा. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीची ती विकतची थीम राजनं कुठूनतरी क्रॅक केलेली, फुकटात मिळवली होती. दिसायला अशी देखणी, की भाग्यश्रीनं एकदा उघडली आणि बंदच करवेना. तिनं सात सीड्या भरल्या, कागदी पाकिटात घातल्या, पाकिटावर हळदीकुंकवाचं बोट उमटवलं आणि तिळगुळाबरोबर सातजणींच्या हातात दिल्या.

"केवढ्याला पडलं गं हे?" मनीषानं विचारलं.

"मैत्रिणीच्या ओळखीतलं आहे," भाग्यश्री म्हणाली. मैत्रीण कुठली, ओळख कुठली, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"म्हणजे ढापलेलं," यशोदाबाई म्हणाल्या. "चांगलंय. मनीप्लांटही चोरून आणलेलाच फोफावतो."

सगळ्या हसल्या. भाग्यश्रीही हसली.

सीडी घेऊन काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा पुढचे दोन महिने दुपारी सई झोपली की भाग्यश्रीनंच एकेक साइट उभी केली. सातही साइट एकाच खात्यावर, एकाच पासवर्डखाली. मनीषाच्या साइटवर तिनं पिवळी बदकं घातली, मुलांचे फोटो घातले. सई कधी पाळणाघरात राहिली नव्हती. तिला कुणाकडे सोडायला भाग्यश्रीचं मनच घेत नसे. पण फोटोपुरती एक दिवस तिला तिथं बसवली, आणि तिसऱ्या ओळीत कागदी टोपी घातलेली सई झळकली. पालकांसाठी एक फॉर्मही केला. मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन आणि मनीषाच्या हट्टानं एक जास्तीचा रकाना: मुलाला न्यायला कोण येणार.

एक गोष्ट मात्र तिला तेव्हाच खटकली होती. थीमच्या तळाशी, पानाच्या शेवटी, एक लांबच लांब ओळ होती. अर्थ नसलेल्या अक्षरांचा आणि आकड्यांचा नुसता गुंता. तिनं ती काढून बघितली, तर अख्खी साइट कोरी झाली. परत घातली, साइट परत आली. दोन वेळा काढली, दोन वेळा घातली. तेवढ्यात सई उठून रडायला लागली. असेल काहीतरी गरजेचं, असं म्हणून भाग्यश्रीनं ती ओळ राहू दिली. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचणारी बाई, पण ही ओळ न वाचता सात घरांत गेली.

एप्रिलमध्ये, पाळणाघरात नवीन मुलं यायच्या दिवसांत, मनीषा एका सकाळी तिच्या दारात आली. चप्पलही काढली नाही.

"अगं, मालेगावहून एका बाईंचा फोन होता. नर्स आहेत, जहिदा नाव. बदली होऊन इथं येतायत, दीड वर्षाची मुलगी आहे. कुणीतरी आपलं नाव सुचवलं म्हणून त्यांनी सायबर कॅफेत जाऊन साइट बघितली. तर म्हणे भलतंच उघडलं."

"भलतंच म्हणजे?"

मनीषानं सईकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "भलतंच म्हणजे भलतंच. भाऊ शेजारी बसलेला. ती बिचारी पैसे टाकून उठून आली."

भाग्यश्रीनं तिथल्या तिथं कॉम्प्युटर लावला, साइटचा पत्ता टाकला. पिवळी बदकं आली, मुलं आली, कागदी टोपीतली सई आली.

"बघ. त्या कॅफेतल्या मशीनला व्हायरस असणार."

"तेच म्हटलं मी," मनीषा म्हणाली आणि गेली. पण जाताना तिनं बदकांकडे एकदा वळून बघितलं.

दुपारपर्यंत भाग्यश्रीला चैन पडली नाही. तिनं मनीषाकडून नंबर घेऊन जहिदाला फोन लावला.

"ताई, राग मानू नका," जहिदा म्हणाली. "व्हायरस असेल म्हणून मी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. वही चीज. सिस्टरबाई मागे उभ्या होत्या, मला जमिनीत जावंसं वाटलं."

"तुम्ही पत्ता नीट टाकला होता?"

"पत्ता कुठला ठाऊक मला? सर्चमध्ये पाळणाघराचं नाव शोधलं, आलं त्यावर क्लिक केलं."

भाग्यश्रीनं फोन ठेवला. तिनं गेल्या दोन महिन्यांत साइट शंभरदा उघडली असेल, पण दरवेळी पत्ता टाकून, घरच्या दारानं. परक्या माणसाच्या दारानं ती कधी आलीच नव्हती.

तिनं सईला कडेवर घेतलं आणि द्वारका चौकातल्या कॅफेत गेली. घरच्या मशीनवर तिचा भरवसा उरला नव्हता. घरचं मशीन तिला ओळखत होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तिनं सर्चमध्ये नाव शोधलं आणि क्लिक केलं. पिवळी बदकं आली, पापणी लवायच्या आत गेली, आणि जे उघडलं ते बघून तिनं आधी सईच्या डोळ्यांवर हात ठेवला. मग खिडकी बंद केली. एक बंद केली तर दुसरी उघडली, जुगाराची.

मागं कॅफेचा मालक खाकरला. "मॅडम, इथं फॅमिली येते."

उठावं, जावं, पुन्हा या रस्त्यानं येऊ नये, असं एक क्षण वाटलं. पण ती उठली नाही.

"ही साइट मी बनवलेली आहे," ती म्हणाली. "तिच्यात कुणीतरी घाण घातलीय. मला आणखी सहा साइट बघायच्यात. तुमचा हा मॉनिटर भिंतीकडे फिरवून द्या आणि अर्धा तास इकडे कुणाला बसवू नका."

मालकानं तिच्याकडे बघितलं, कडेवरच्या पोरीकडे बघितलं आणि मुकाट्यानं मॉनिटर फिरवला. सईला भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभं करून भाग्यश्रीनं सहाही साइट त्याच रीतीनं उघडल्या. यशोदाबाईंच्या गोडा मसाल्यामागे तेच. शिकवणीवालीच्या दहावीच्या वर्गामागे तेच. सातांपैकी सात.

घरी येऊन तिनं ती ओळ उघडली. अक्षरांच्या तसल्या गुंत्यातून मूळ मजकूर बाहेर काढायची एक सोपी रीत असते. कॉलेजात शिकवलेली, कधी लागली नव्हती. सई झोपली होती. पंखा कुरकुरत होता. पाच मिनिटांत गुंता सुटला आणि समोर साधा, वाचता येईल असा मजकूर आला. माणूस सर्चमधून आला तर त्याला तिकडे ढकल. पत्ता टाकून आला तर गप्प बस. तो बहुधा मालक आहे. इथवर तिला अंदाज होता. त्याखाली आणखी चार ओळी होत्या. त्यांत एक चोरवाट होती: बाहेरच्या कुणीही यावं आणि साइटमध्ये जे साठवलंय ते खुशाल उचलावं.

साठवलेलं काय होतं? सहा साइटवर गिऱ्हाइकांचे चार-दोन निरोप. आणि मनीषाच्या साइटवर तेवीस मुलांचे फॉर्म. नाव, जन्मतारीख, पत्ता. मुलाला न्यायला कोण येणार.

भाग्यश्रीनं पहिलं काम केलं ते हे, की सातही साइट बंद केल्या. सगळीकडे कोरं पान. मग राजला फोन लावला.

"असतं कधीकधी असं," राज म्हणाला. "फुकटच्या मालात कुणीतरी आपली सोय करून ठेवतो. थीम बदल, पासवर्ड बदल, विषय संपला. आणि कुणाला सांगत बसू नकोस. त्या बायकांना काय कळतंय त्यातलं?"

"कळत नाही म्हणूनच तर माझ्याकडून घेतली ना त्यांनी. तू मला सांगायला हवं होतंस, राज."

"तू तरी विचारलंस का, कुठून आणली म्हणून?"

तिनं विचारलं नव्हतं. मैत्रिणीच्या ओळखीतलं, असं उलट तिनंच जगाला सांगितलं होतं. तिनं फोन ठेवला.

वत्सलाबाई त्या दिवशी फुलबाजारातून परस्पर घरी आल्या होत्या. चैत्रगौर बसली होती. तिच्यापुढे झेंडूची महिरप करायची म्हणून टोपली घेऊन ओट्याशी बसल्या होत्या. सुनेचा चेहरा बघून त्यांनी टोपली बाजूला सारली. भाग्यश्रीनं सगळं सांगितलं. वेबसाइट, चोरवाट यांतलं त्यांना काय उमगलं कोण जाणे, पण त्या म्हणाल्या,

"मागं तुझ्या सासऱ्यांनी टमाट्याची रोपं आणली होती कुणाच्या तरी वाफ्यातनं. फुकट. लय टवटवीत. महिन्यानं बघतो तर मुळांना गाठीच गाठी. उपटून टाकली."

"मग?"

"मग काय, उपटून भागतंय व्हय? कीड मातीत उतरली होती. आपलं पाटाचं पानी शेजारच्या वावरात जायचं. त्यांना सांगावं लागलं. चार दिवस बोलले, शिव्या घातल्या. पण त्यांचं पीक वाचलं."

भाग्यश्रीनं विचारलं,

"त्या सीड्या परत मागू का मी सगळ्यांकडून?"

"दिलेलं वाण मागू नये. खरं ते सांग. द्यायचं तर त्या आपनहून देतील. अन् आधी जिच्या घरात लेकरं हायेत तिच्याकडं जा. सईला ठेव हितं माझ्याजवळ."

संध्याकाळी सहाला मनीषाच्या फाटकाशी पालकांची गर्दी असते. भाग्यश्री साडेपाचलाच गेली. आत सतरंजीवर मुलं कुरमुरे खात होती. तिनं मनीषाला स्वयंपाकघरात नेलं आणि काहीही न वगळता सांगितलं: थीम चोरीची होती, ती ओळ मी बघितली होती, वाचली नव्हती, आणि तुझे तेवीस फॉर्म कुणाच्या हाती गेलेत की नाही हे मला सांगता येत नाही.

मनीषानं गॅस बंद केला.

"न्यायला कोण येणार, तेही?"

"तेही."

"तू सईला मिठाच्या पाण्यात बुडवायची तेवढी बाकी ठेवतेस," मनीषा म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "आणि माझ्या तेवीस पोरांना तू फुकटातल्या साच्यात घातलंस. मी माझ्या दारावरचं कुलूप दर सहा महिन्यांनी बदलते, भाग्यश्री. तू माझ्या घराची किल्ली रस्त्यावर ठेवलीस आणि वर हळदीकुंकू लावलंस."

"हो."

"हो काय?"

"हो, ठेवली. आता पालकांना मी सांगते. तुला नको त्यात उभं राहायला. फाटकाशी मी थांबते."

"आणि काय सांगशील?"

"आत्ता तुला सांगितलं तेच. आणि आजपासून मूल न्यायला येणाऱ्यानं एक शब्द सांगायचा. जो तो आपला शब्द तुझ्या कानात सांगेल. कागदावर नाही, कॉम्प्युटरवर नाही. शब्द चुकला तर आईला फोन लावल्याशिवाय पोर द्यायचं नाही."

मनीषानं एवढंच म्हटलं, "सहा वाजत आलेत. चल."

दोन संध्याकाळी भाग्यश्री त्या फाटकाशी उभी राहिली. तेवीसच्या तेवीस घरांना तिनं आपल्या तोंडानं सांगितलं. बहुतेकांना थीम म्हणजे काय हे समजावून सांगायला लागलं, आणि दरवेळी "विकतची होती, मी फुकटात घेतली" हे वाक्य नव्यानं म्हणायला लागलं. ते काही सवयीचं झालं नाही. एका आजोबांनी "बरं केलंस सांगितलंस पोरी" म्हणत मनीषाच्या कानात, शब्द म्हणून, पणजीचं नाव सांगितलं. एका वडिलांनी भर रस्त्यात विचारलं, "शिकलेल्या आहात ना तुम्ही?" तिनं सांगितलं, "हो, म्हणूनच माझी चूक मोठी आहे." त्यांनी मुलाला पाळणाघरातून काढलं. आणखी एका घरानं काढलं. मनीषानं ते दोन्ही रिकामे हुक, जिथं त्या पोरांची दप्तरं असायची, भाग्यश्रीला बोट करून दाखवले नाहीत, पण झाकलेही नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाग्यश्री सईला घेऊन पाळणाघरात गेली.

"सात साइट मुळापासून पुन्हा करायच्यात. जुन्यातलं एक अक्षर ठेवायचं नाही," ती म्हणाली. "रोज तीन तास लागतील. सईला ठेवशील?"

मनीषानं तिच्याकडे नीट बघितलं. "तू? कुणाकडे ठेवणार पोर?"

"तुझ्याकडे."

"शब्द?"

भाग्यश्री वाकली आणि तिच्या कानात शब्द सांगितला. फाटकाबाहेर आल्यावर तिचे पाय दोनदा थांबले. आतून सईचा रडण्याचा आवाज आला, मग थांबला. ती घरी जाऊन कामाला बसली.

या खेपेला तिनं थीम निवडली ती खरोखरच फुकट वाटायला ठेवलेली, करणाऱ्याचं नाव-गाव तिच्यावर लिहिलेलं. दिसायला अगदी साधी. पांढरं पान, निळी अक्षरं. तिच्यातली प्रत्येक फाइल तिनं उघडली आणि बोट ठेवून वाचली. प्रत्येक साइटला वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. मुलांचे फोटो नाहीत. फॉर्म नाही, फक्त मनीषाचा फोन नंबर. आणि तळाशी, जिथं ती ओळ होती, तिथं तिनं आपलं नाव आणि फोन नंबर लिहिला: ही साइट कुणी केली आणि काही वावगं दिसलं तर कुणाला सांगायचं.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी तिच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू झालं. कैरीची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. सातही जणी आल्या; मनीषा सगळ्यांत शेवटी आली, पण आली. बातमी आधीच कॉलनीभर झाली होती, तरी भाग्यश्रीनं पुन्हा सगळ्यांसमोर सांगितलं.

"म्हणजे माझ्या मसाल्याच्या पाठीमागं..." यशोदाबाईंनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. "अगं, माझे व्याही बघतात ती साइट."

"पत्ता टाकून बघतात का शोधून?"

"मला काय ठाऊक. गेले दोन महिने फार आवडीनं बघतायत म्हणे."

हसू फुटलं, आणि त्यात मनीषाचंही होतं. हसणं ओसरल्यावर यशोदाबाईंनी पिशवीतून कागदी पाकीट काढलं. कुंकवाचं बोट अजून तसंच होतं. "मनीप्लांटचं मी बोलले ते माझ्याच अंगाशी आलं," त्या म्हणाल्या. "घे बाई. परत नाही देत, वाण आहे. तुझ्या सासूबाईंच्या मळ्याला भेट म्हणून देते."

एकेक करत सातही पाकिटं वत्सलाबाईंच्या पदरात पडली. त्यांनी एक सीडी उन्हात धरून फिरवली. "मक्याला पोपट लय झालेत," त्या म्हणाल्या. "चमकतंय झ्याक. दोरीनं टांगते."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात जहिदा बदली होऊन नाशिकला आली. मुलीला, अरिबाला, कडेवर घेऊन ती पाळणाघर बघायला आली, खोल्या बघितल्या, खिडकीचे गज हलवून बघितले, दुधाची बाटली उकळतात ते पातेलं बघितलं. भाग्यश्रीला मनोमन ती बाई आवडली. मग जहिदा म्हणाली, "ताई, सगळं चांगलं आहे. पण मी जे पाहिलं ते डोळ्यांसमोरून जात नाही."

"चला," भाग्यश्री म्हणाली.

द्वारकेच्या कॅफेत मालकानं तिला बघितलं आणि न सांगता मॉनिटर भिंतीकडे फिरवायला लागला.

"नको," ती म्हणाली. "असाच राहू द्या. रस्त्याकडे."

खुर्चीत तिनं जहिदाला बसवलं. स्वतः मागं उभी राहिली. सकाळीही तिनं इथं येऊन बघितलं होतं, काल आणि परवाही. जहिदानं नाव शोधलं, क्लिक केलं. पांढरं पान आलं, निळी अक्षरं आली. दोघी वाट बघत राहिल्या. अरिबानं कीबोर्डवर हात मारला. पान हललं नाही.

"साधीच आहे," जहिदा म्हणाली.

"हो. साधीच आहे."

जहिदानं खालपर्यंत जाऊन भाग्यश्रीचं नाव वाचलं, पर्समधून पेन काढून नंबर हातावर लिहिला. "उद्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर पुन्हा पाहते मी."

"बघा," भाग्यश्री म्हणाली. "आणि परवाही बघा. मी पण बघते."

घड्याळात सव्वापाच झाले होते. सईला न्यायची वेळ झाली होती. दोघी पाळणाघराच्या दिशेनं निघाल्या आणि वाटेत जहिदानं विचारलं, "मनीषाताई म्हणाल्या तो शब्दाचा प्रकार काय आहे? मला माझ्या शब्दाचा आत्ताच विचार करायला हवा ना?"